फेडरवर हात

दांडिया बाजारात माझं दुकान. दोन पायऱ्या आणि शटर.
आत स्पीकर एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेले.
नऊ रात्री गरबा, मग लग्नं,
निवडणूक आली तर निवडणूक.
तीस वर्षं लोकांचे आवाज कानांत घालून बसलोय,
म्हणून सांगतो,
घसा खोटं बोलणार असला की आधी श्वासात कळतं.
उमेदवार गहिवरण्याआधी छाती भरून घेतो.
खरा गहिवर माणसाला रिकामं गाठतो.

केयूर कर्णिक दिवसा गोरव्याला
औषधांच्या खोक्यांवरचे बॅच नंबर तपासतो.
रात्री फतेहगंजच्या तळघरात,
जिथे पूर्वी टायपिंगचा क्लास होता,
रॉक गातो. मराठीत.
समोर साठ पोरं, त्यातली चाळीस गुजराती,
शब्द अर्धेच कळतात, तरी येतात.

त्याचं एक गाणं आहे, हॉस्पिटलच्या जिन्याचं.
ड्रम थांबतात, गिटार एकच तार धरून राहते
आणि तो म्हणतो, थांब ना.
त्या 'ना'वर आवाज फाटतो,
मांजरपाट फाटावा तसा,
सरळ, काठापर्यंत.

पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.
दुसऱ्यांदाही.
पाचव्यांदा वहीत लिहिलं: 'ना', फाटतो, मिड कमी.
आठव्यांदा बोट आधीच फेडरवर.
म्हणजे मी तयार, तो तयार,
आणि रडू शाळेच्या घंटेसारखं वेळेवर हजर.
फसवल्यासारखं वाटलं. मला, ज्याला कोणी फसवत नाही.

वायर गुंडाळताना विचारलंच,
केयूर, हे रोज तिथेच कसं रे होतं?
तो सोडा पीत होता. म्हणाला,
काका, अकरा दिवस बाथरूममध्ये बसवलंय ते.
आधी कुठेही फाटायचं. पहिल्याच ओळीत.
गाणं पुढे जायचंच नाही.
मग ठरवलं, इथे. एवढंच.
बाकीचं तर गायला हवं ने?

मी वायर गुंडाळत राहिलो,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
आमची विजू, भाऊ गेल्यावर वर्षभर
फक्त कुकरच्या शिट्ट्या होताना रडायची.
तीन शिट्ट्या.
मग डोळे पुसून वरण घोटायची.
तिला मी कधी खोटं म्हटलं नाही.

मागच्या गुरुवारी 'थांब ना' आलं,
आणि स्वच्छ आलं. धुतलेल्या काचेसारखं.
साठ पोरं वाट बघतायत, माझं बोट वाट बघतंय,
तो स्वतःच दचकला.
चार ओळी पुढे,
जिन्यात सुटलेली तुझी रबरी चप्पल,
तिथे, 'चप्पल'वर,
फाटला नाही. बंद झाला.
ओठ हलत होते.
हेडफोनमध्ये ट्यूबलाइटची गुणगुण,
एक आवंढा,
जिभेचा टाळूला चिकटून सुटल्याचा आवाज.
ड्रमवाला मोजून आत आला आणि ओशाळून थांबला.

अशी भोकं मी शेकड्यांनी बुजवलीत.
जरा एको सोडायचा, गिटार वर घ्यायची,
कोणाला पत्ता लागत नाही.
हात फेडरवरून काढला, खिशात घातला.
खिशात दुकानाची किल्ली होती
आणि खोकल्याची चिकट गोळी.

पोरांना वाटलं, ही नवी चाल असेल. टाळ्या पडल्या.
त्याने गाणं संपवलं, वाईट,
सूर अर्धा खाली, शेवटची ओळ गाळून.

टेम्पोत स्पीकर चढवताना म्हणाला,
आज बिघडलं ने काका?
म्हटलं, हो. बिघडलं.
आणि त्याच्या बाजूचं टोक मीच धरलं.

घरी वहीत 'चप्पल' लिहिलं.
पुढे काय लिहायचं, मिड, बेस, काय?
बराच वेळ पेन्सिल तशीच.
मग ते खोडलं.
पुढच्या वेळी तिथे माझं बोट
आधी पोचलेलं नको.